“कसंतरी होतंय” म्हणजे नेमकं कसं? सायकॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना

कुर्ला गेलं आणि सायन यायच्या आत गाडी थांबली. सकाळची वेळ, लेडीज डबा, दारापासून खिडकीपर्यंत माणसं. पाच मिनिटं गाडी हलेना आणि माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की मला वाटलं, संपलं आता. हाताला मुंग्या, तोंडाला कोरड, पाठीवरून घामाची धार. शेजारच्या बाईंनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली आणि दादरला मला धरून उतरवलं. त्याच दिवशी ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका.” घरी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेही गाडीतच.

त्यानंतर मी समुपदेशनासाठी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी एकच सेशन करून परत फिरले. तिथल्या समुपदेशकांनी पंधराव्या मिनिटाला घड्याळ बघून सांगितलं, “एक मूल होऊ द्या, मन गुंतेल.” थेरपी म्हणजे हेच, असं मी धरून चालले आणि पुढची दोन वर्षं लोकल टाळत काढली. भांडुपहून दादरला रोज बस बदलत जायचे. दुसऱ्या ठिकाणी सव्वा वर्ष टिकले आणि आज मी रोज ट्रेननेच जाते. चांगलं सेशन कसं असतं हे तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर त्या पहिल्या अनुभवानंतर मी लगेच दुसरी व्यक्ती शोधली असती. पहिल्या-दुसऱ्या सेशननंतर सोडून दिलेले चार-पाचजण तरी माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यासारख्यांसाठी हे लिहिते आहे.

कोण काय करतं

आपण सरसकट “मानसोपचारवाले” म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात, निदान करतात, औषधं लिहून देतात. सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले असतात. ते बोलण्यातून, चाचण्यांतून आणि ठरवून दिलेल्या सरावातून काम करतात, गोळ्या लिहून देत नाहीत. त्यांच्या नावाआधी “डॉ.” दिसलं तर ते पीएच.डी.चं असू शकतं, म्हणून त्यावरून औषधाचा अंदाज बांधू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांचं एम.फिल. हा आजवरचा नेहमीचा रस्ता. नोंदणी आहे की नाही हे परिषदेच्या संकेतस्थळावर आपल्याला बघता येतं, आणि बघावं. काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एम.ए. केलेले समुपदेशकही असतात. त्यांच्याकडे आरसीआयचा क्रमांक असेलच असं नाही, तरी काम फार चांगलं असू शकतं. तिथे शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करता आणि तुमच्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख असते का, एवढं विचारून घ्यायचं. आठ-पंधरा दिवसांचा कोर्स करून “लाइफ कोच” झालेल्यांकडे मनाचं दुखणं घेऊन जाऊ नका. यावर माझं मत ठाम आहे.

आधी कोणाकडे जायचं? कित्येक दिवस झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाणंच बंद झालंय, नसलेले आवाज ऐकू येतायत किंवा मरणाचे विचार येतायत, तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. बाकी वेळी सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात केली तरी चालतं, गरज वाटली तर ते स्वतःच पुढे पाठवतात. फॅमिली डॉक्टरांना विचारून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड वाढलेला असेल तर तोही छातीत धडधड आणि घाबरटपणा आणतो. तसं असेल तर उपाय वेगळा.

मुंबईत शोधायचं कुठे

ज्यांना खिशाची काळजी आहे त्यांच्यासाठी आधी सरकारी रुग्णालयं. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, विलेपार्ल्याचं कूपर ही महापालिकेची, आणि भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं. या सगळीकडे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मग विभागाच्या बाहेर बाकावर नंबरची वाट बघायची. आधी निवासी डॉक्टर विचारपूस करतात, गरज वाटली तर तिथल्याच सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. गर्दी खूप असते, प्रत्येक वेळी तासभर मिळेलच असं नाही, आणि अर्धा दिवस जातो. पण अनुभव तिथे प्रचंड असतो. माझ्या नणंदेच्या मुलीचं पूर्ण काम अशाच एका ओपीडीत झालं.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. मराठीतून काम करणाऱ्या माणसांची वाण नाही अशी ती जागा. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा सुरू केली. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर तिथे फोन करून “मी कोणाकडे जाऊ हे सांगा” एवढं म्हटलं तरी चालतं.

नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर एचआरच्या जुन्या मेलमध्ये शोधा, बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सेशन्स फुकट देतात आणि ते कोणाला माहीतच नसतं. खाजगीत मुंबईत एका सेशनला साधारण हजारापासून तीन हजारांपर्यंत घेतात, वांद्रे-दक्षिण मुंबईकडे त्याहून जास्तही. न परवडणाऱ्यांसाठी अनेकजण फी कमी करतात. ते पाटीवर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. मी विचारलं तेव्हा लाजेनं कान तापले होते आणि समोरून उत्तर आलं, “तुम्हाला दर आठवड्याला किती जमेल ते सांगा.”

जाता जाता एक. मुंबई-ठाण्यात कोणी जरा वेगळं वागलं की “याला ठाण्याला पाठवा” म्हणायची आपली सवय आहे. १९०१ सालचं ते मनोरुग्णालय. आपल्या विनोदात ते असं बसलंय की सायकॉलॉजिस्टच्या दाराची बेल वाजवतानाही माझ्या मनात तोच शब्द आला. तुमच्याही येईल. बेल तरीही वाजवा.

फोनवर विचारायचे प्रश्न

अपॉइंटमेंट घेतानाच विचारून टाका. सेशन किती मिनिटांचं? पंचेचाळीस ते साठ मिनिटं असतं. फी किती, आणि ऐनवेळी रद्द केलं तर ती भरावी लागते का? बहुतेक ठिकाणी चोवीस तास आधी कळवावं लागतं, नाहीतर पूर्ण किंवा अर्धी फी जाते. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर काय करायचं हेही विचारा, मुंबईत हा प्रश्न दरवर्षी येतोच. तुम्ही ज्या त्रासासाठी जाताय, त्याच्यावर त्यांनी काम केलंय का ते विचारा.

आणि भाषा. याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलते म्हणून मला वाटायचं, काय फरक पडतो. पण वडील गेले त्या रात्रीचं इंग्रजीत सांगायला गेलं की ते दुसऱ्याच कोणाचं वाटायचं, नीटनेटकं, रिपोर्टसारखं. “जीव कासावीस होतो”, “पोटात गोळा येतो”, “मन खातं”, “कशातच राम वाटत नाही” हे जसं आतून येतं तसं बोलता आलं पाहिजे. “मराठीत बोलले तर चालेल ना?” हे फोनवरच विचारा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी-इंग्रजी असं मिसळून बोललात तरी हरकत नाही, समोरचा मराठीतल्या भागावर अडखळता कामा नये एवढंच.

पहिल्या दिवशी

तयारी फार नको. एका कागदावर त्रास कधी सुरू झाला, किती वेळा होतो, चालू असलेली औषधं, आणि घरात कोणाला असा त्रास होता का, एवढं लिहून न्या. मी हे ट्रेनच्या पासाच्या मागे लिहिलं होतं. दहा मिनिटं आधी पोचा आणि, शक्य असेल तर, सेशननंतर अर्धा तास मोकळा ठेवा. तिथून थेट ऑफिसच्या मीटिंगला पळणं जड जातं. मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. रडायचं असेल तर तिथेही रडता येतं, शेजारचे काका क्रिकेट बघत असतात, कोणी ढुंकून पाहत नाही.

क्लिनिक म्हणजे दादरच्या जुन्या इमारतीतली एक खोली होती. दोन खुर्च्या, टिपॉयवर टिश्यूचा डबा, माझ्या मागच्या भिंतीवर त्यांना दिसेल असं घड्याळ. झोपायचा कोच-बिच काही नव्हता. मॅडमनी, म्हणजे माझ्या सायकॉलॉजिस्टनी, पहिल्यांदा विचारलं, “अहो-जाहो करू, की नावाने एकेरी?” मग एक छापील कागद दिला, संमतीपत्र. त्यात फी, वेळा, गुप्तता आणि गुप्ततेचे अपवाद लिहिले होते. घाईत सही करू नका. न कळलेलं विचारा, तो तुमचा वेळ आहे.

काही ठिकाणी प्रश्नावली भरून घेतात. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. उदासी किती आहे याचा त्यातून अंदाज येतो. चिंतेसाठी अशीच जीएडी-७ असते. ही परीक्षा नाही, चांगले मार्क पाडायला जाऊ नका. मी पहिल्यांदा “अधूनमधून” वर खुणा केल्या, कारण “जवळपास रोज” लिहायची शरम वाटली. पुढच्या वेळी खरं भरलं तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, “आता काम करता येईल.”

मग तो मुख्य प्रश्न येतो: “इथे यावंसं का वाटलं?” मी दहा मिनिटं सेंट्रल रेल्वेच्या वेळापत्रकावर बोलले. मेगाब्लॉक, उशीर, गर्दी. त्यांनी अडवलं नाही. शेवटी मी म्हटलं, “गाडीत मला कसंतरी होतं.” त्या म्हणाल्या, “कसंतरी म्हणजे नेमकं कसं?” मी गप्प. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, मी स्वतःही नाही. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या एका शब्दावर होतो. कुठून सुरू होतं, छातीतून की गळ्यातून? आधी धडधड की आधी विचार? विचार कोणता? आणि मग माझ्या तोंडून निघालं, “बाबांसारखं मीही वाटेतच मरणार.” माझे वडील विक्रोळी स्टेशनवर कोसळले होते. त्याचा आणि माझ्या धडधडीचा संबंध मी तोवर जोडलाच नव्हता.

सगळ्यांच्या पहिल्या सेशनला असं काही सापडत नाही, आणि सापडायला हवं असंही नाही. बऱ्याचदा पहिला तास नुसत्या माहितीत जातो: घरात कोण कोण, नोकरी, लग्न, आजारपणं, झोप, दारू-तंबाखू, पूर्वी कधी स्वतःला इजा करावीशी वाटली का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, दचकू नका, आणि खरं उत्तर द्या. तासभर बोलून सल्ला एकही मिळाला नाही म्हणून निराश व्हाल. माझ्या नवऱ्याने घरी आल्यावर विचारलं, “मग काय म्हणाल्या?” मी म्हटलं, “काहीच नाही.” ते खरंच होतं, आणि तेच बरोबर होतं. तुम्हाला नीट न ओळखता कोणी उपाय सांगायला लागलं तर मात्र सावध व्हा.

शेवटची पाच मिनिटं तुमची. तेव्हा विचारा: “तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल? आपण कुठल्या पद्धतीने काम करू? अंदाजे किती सेशन्स लागतील?” आकडा नेमका मिळणार नाही, दिशा मिळाली पाहिजे.

बोललेलं कुठे जातं

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. नवऱ्याने, सासऱ्यांनी किंवा साहेबांनी फोन करून विचारलं तरी तुमच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे हे शेवटचं कळवणं बंधनकारकच आहे. चांगला सायकॉलॉजिस्ट हे पहिल्याच दिवशी सांगतो.

“मरावंसं वाटतं असं बोलले तर पोलिसांना कळवतील” ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. विचार येणं हा गुन्हा नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ तर असं सांगतं की, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिची काळजी घ्यायची. असे विचार आज, आत्ता येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा, १४४१६ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत

खरी गळती इथे होते. आठवड्यातून एक सेशन, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुनं उकरलं जातं आणि त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखा वाटतो. घरी चिडचिड होते, स्वप्नं पडतात. जखम धुताना झोंबते तसं हे असतं. त्या आठवड्यात बंद करावंसं वाटेल, तेव्हा बंद न करता हेच पुढच्या सेशनमध्ये बोला. “मागच्या वेळेनंतर मला जास्त त्रास झाला” हे वाक्य सायकॉलॉजिस्टला तक्रार वाटत नाही, उपयोगाचं वाटतं. मी म्हणेन, माणूस बरा वाटला असेल तर किमान चार सेशन्स द्याच.

पद्धती अनेक आहेत. मुंबईत सगळ्यात जास्त ऐकू येईल ती सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती मांडली. तिच्याआधी १९५०च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी मांडली, आणि महाराष्ट्रात ती मानणारे बरेच आहेत. गाभा साधारण सारखा: घटना घडते, तिच्याबद्दल मनात एक विचार चमकून जातो, आणि भावना त्या विचारामागून येते. तो विचार पकडायचा, तपासायचा. सीबीटीत काम साधारण बारा ते वीस सेशन्सचं असतं. बालपणापासूनच्या नात्यांवर काम करणाऱ्या पद्धतींना जास्त काळ लागतो.

सीबीटीत गृहपाठ असतो. माझ्याकडे दोनशे पानी वही होती, तीन रकाने आखलेली: काय झालं, मनात काय आलं, काय वाटलं. “गाडी थांबली. आता श्वास अडकणार. भीती, १०० पैकी ९०.” पुढे चौथा रकाना आला: याला पुरावा काय? पहिले पंधरा दिवस मला हा पोरखेळ वाटला. मग एकदा उलटी पानं चाळली आणि दिसलं की एकवीस वेळा मी “मरणार” लिहिलं होतं. एकवीस वेळा मीच ते लिहायला जिवंत होते.

मग मॅडमनी मला खोलीतच एक मिनिट जागेवर पळायला लावलं. छाती धडधडायला लागली तशी मी घाबरून बसले. “आता घड्याळ बघा,” म्हणाल्या. तीन मिनिटांत धडधड ओसरली. अशी भीतीची लाट मिनिटांत शिगेला पोचते आणि मग आपोआप उतरते, हे मला त्यांनी आधी समजावलं होतं, पण पटलं ते पळाल्यावर.

त्यानंतर शिडी. सगळ्यात सोप्या पायरीपासून सगळ्यात अवघडापर्यंत यादी करायची आणि एकेक पायरी, भीती उतरेपर्यंत, पुन्हा पुन्हा करायची. माझी शिडी अशी होती: भांडुपच्या फलाटावर वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, गाडीत चढायचं नाही. मग रविवारी दुपारी नवऱ्याबरोबर कांजूरमार्गपर्यंत, एक स्टेशन. मग एकटीने विक्रोळी, तिथे उतरून बाबा पडले त्या फलाटावरच्या बाकावर बसायचं. या एका पायरीला मला पाच आठवडे लागले आणि मॅडमनी एकदाही घाई केली नाही. मग घाटकोपर, मग कुर्ला ओलांडून सायन, मग दादर, आणि शेवटी सकाळची गर्दीची गाडी. हे स्वतःच्या मनाने, कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय एकदम अवघड पायरीपासून करू नका. घाबरून मध्येच उतरलात तर भीती आणखी घट्ट बसते.

पटत नसेल तर

कधी माणूस चांगला असतो, शिकलेला असतो, पण आपलं जुळत नाही. सरळ सांगा, दुसरं नाव मागा. चांगले लोक राग न धरता देतात. काही गोष्टी मात्र दिसल्या की लगेच उठायचं: तुमचा धर्म, जात, लग्न किंवा लैंगिक कल यावर शेरे, तुम्हाला घटस्फोट घ्या किंवा घेऊ नका असा हुकूम, सेशनमध्ये स्वतःचीच रडगाणी, बाहेर भेटायचा आग्रह, स्पर्श, “चार सेशन्समध्ये खात्रीने बरं करतो” अशी हमी, किंवा समलिंगी माणसाला “बदलून” दाखवायचं आश्वासन. मला मूल होऊ द्यायचा सल्ला देणाऱ्यांसमोर मी मान डोलावत बसले होते. तेव्हा उठायला हवं होतं.

घरात जागा नाही, ऑनलाइन कसं करायचं

मुंबईतली खरी अडचण ही. वन रूम किचनमध्ये सासू टीव्ही बघतेय, मुलाचा अभ्यास चालू आहे, आणि तुम्ही कोणाला सांगणार की नवऱ्याबद्दल बोलायचंय? मी पावसाळ्यात बरीच सेशन्स ऑनलाइन केली. इमारतीच्या गच्चीची चावी सेक्रेटरींकडून घेतली होती, जिन्याच्या वरच्या पायरीवर छत्री घेऊन बसायचे. माझी मैत्रीण पार्क केलेल्या रिक्षात बसून बोलते, रिक्षा तिच्या भावाची आहे. हेडफोन लागतोच. आपलं बोलणं घरात ऐकू जाईल असं वाटत असेल तर खोलीच्या दाराशी पंखा किंवा रेडिओ लावा. कोणी मध्येच आलं तर काय करायचं, तो इशारा आधीच ठरवून ठेवा. आम्ही “ऑफिसचा कॉल आहे” हे ठरवलं होतं. मॅडम लगेच गप्प व्हायच्या. शक्य असेल तर पहिलं सेशन तरी समोरासमोर करा.

घरच्यांना काय सांगायचं

सगळं सांगायचं बंधन नाही. एक वाक्य ठरवून ठेवलं की बरं पडतं. मी सासूबाईंना म्हटलं, “त्या दिवशी गाडीत झालं ना, त्याच्यासाठी व्यायाम शिकवतात.” ते खोटं नव्हतं. त्यांनी दोन महिन्यांनी स्वतःहून विचारलं, “मला रात्री झोप लागत नाही, तुझ्या मॅडम त्याचं काही करतात का?”

गोळ्यांबद्दलही घरात मतं निघतील. सायकिअ‍ॅट्रिस्टनी औषध दिलं असेल तर ते आणि थेरपी बरोबर चालतात. उदासीवरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

विम्याचं थोडक्यात: २०१७च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच खर्च देतात. थेरपीची फी हवी असेल तर तुमच्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते एजंटला लेखी विचारा, आणि दर सेशनची पावती जपून ठेवा.

संपतं कसं

हळूहळू. आठवड्याचं पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर येतं. अचानक फोन उचलायचं बंद करून थांबू नका, शेवटचं सेशन करा. त्यात मागे वळून बघतात आणि पुन्हा त्रास झाला तर काय करायचं याची यादी करतात. माझ्या यादीत पाच ओळी आहेत. पहिली: ईसीजी नॉर्मल होता. दुसरी: घड्याळ बघ. तिसरी: “कसंतरी” वर थांबू नकोस, नेमकं लिही. चौथी: गाडीतून मध्येच उतरू नकोस. पाचवी ओळ म्हणजे मॅडमचा नंबर.

गेल्या जुलैत पावसाने गाडी पुन्हा कुर्ला-सायनच्या मध्ये थांबली, चाळीस मिनिटं. दाराजवळ एक कॉलेजची मुलगी पांढरीफटक पडली होती. मी तिला माझ्या जागी बसवलं, बाटली दिली आणि विचारलं, “काय होतंय?”

ती म्हणाली, “कसंतरी.”

“नेमकं कुठे, छातीत की गळ्यात?” मी विचारलं, आणि ती सांगायला लागली.